घोगऱ्याचं राज्य

"अहो, निघा आता. मधली सुट्टी व्हायला आली," बाई पलंगावरून म्हणाल्या. "पाव संपला की मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडत बसाल."

सरांनी ताट त्यांच्या हाताशी ठेवलं, खिडकी सताड उघडली आणि पिशवी उचलली.

"एका पावासाठी केवढी जड पिशवी ती."

"माझ्या हाताला आता सगळंच जड," सर म्हणाले.

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी गल्लीत ते अजून कवायतीचे सर होते आणि त्या पहिलीच्या बाई. शाळा रस्त्यापलीकडेच होती. पलंगावरून तिचं फक्त छप्पर दिसायचं. पाय मोडल्यापासून बाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनीही हात टेकले होते. फक्त मधल्या सुट्टीचा कल्ला सुरू झाला की त्यांचा हात आपसूक ताटाकडे जायचा. जेवता जेवता त्या आवाजावरून पोरं ओळखायच्या. ती रडूबाई, तो चुगलखोर, आणि तो घोगऱ्या, ज्याच्यावर कायम राज्य यायचं.

"हा घोगऱ्या अजून पहिलीतच का हो? मेल्याचा आवाज काही फुटत नाही."

"नापास होत असेल."

"आणि परवा रविवारी कशी काय शाळा भरली?"

सर गडबडले. "जादा तास. हल्ली अभ्यास फार असतो."

"बिचारी पोरं," बाई म्हणाल्या आणि पांघरूण सारखं करू लागल्या.

सर जिना उतरले. एके काळी शाळा भरायच्या वेळी ही गल्ली ओलांडणं म्हणजे दिव्य होतं. पहिलीच्या बाकांवर पोरं दाटीवाटीने बसायची. एकाच नावाची इतकी, की बाईंनी टोपणनावं ठेवून वेळ भागवली होती. काय दिवस होते ते! कोपऱ्यावरच्या दुकानात तेव्हा पेन्सिली आणि गोळ्या मिळायच्या. आता तिथे पावाशेजारी काठ्या आणि गुडघ्याचे पट्टे टांगलेले होते.

"काय सर, नातवंडाची काही बातमी?" दुकानदाराने नेहमीचं विचारलं.

"कसली बातमी. मुलगा-सून म्हणतात, आम्ही दोघंच बरी."

सरांना वाईट वाटायचं, पण रागावणार तरी कुणावर? अख्ख्या गल्लीत पाळणा कुठे हलत होता?

शाळेच्या फाटकाशी येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि गंजलेलं कुलूप उघडलं.

मैदानात गुडघाभर गवत माजलं होतं. पोरंच उरली नाहीत म्हणून शाळेला टाळं लागलं, तेव्हा बाई नुकत्याच पडल्या होत्या. त्यांना हे सांगायची सरांची छाती झाली नाही. कळलं तर आहे तो घासही सोडतील, ही त्यांची धास्ती. निवृत्त व्हायच्या आधी गंमत म्हणून त्यांनी एक मधली सुट्टी टेप करून ठेवली होती. तीच रोज कामाला यायची.

पिशवीतून त्यांनी टेपरेकॉर्डर काढला, कवायतीच्या जुन्या कर्ण्याला जोडला आणि बटण दाबलं. कर्णा नुसता घरघरला. आत फीत गुंतली होती. ती सोडवायला गेले आणि ती तुटली. जोडायला गेले तर ती आणखीच फाटली.

मधली सुट्टी होऊन गेली. पहिलीच्या बुटक्या बाकावर बसून सर रडले, अगदी मार खाल्लेल्या पोरासारखे.

मग डोळे पुसून उठले. आता खरं सांगून टाकायचं, त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पाव न घेताच ते घराकडे निघाले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. जिन्यावर त्यांना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

दार ढकललं. खिडकी तशीच सताड उघडी होती. बाईंच्या हाताशी ताट होतं, चाटूनपुसून साफ केलेलं.

"किती उशीर केलात," बाई म्हणाल्या. "आज पोरांनी नुसता कहर केला. आणि घोगऱ्याचा आवाज फुटला बरं का, मोठा झाला एकदाचा." त्यांनी पलंगावर हात फिरवून शेजारी जागा केली. "उद्यापासून तुम्ही कुठे जाऊ नका. इथेच बसा. दोघं मिळून ऐकू."