मंगळवारचा कोपरा

“हात किती लटपटतोय तुझा! कठड्यावर कोपर टेक,” मालीवानमावशी म्हणाली. “असा थरथरत राहिलास तर कुठलाही कॅमेरा घे, फोटो पुसटच येणार.”

न्यानने कोपरं टेकली. मावशीच्या कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या गच्चीवर दोन कॅमेरे आणले होते. एक त्याच्या हातात, दुसरा मावशीच्या गळ्यात. प्रवासात फोटो काढायला लांब झूमचा हवा, लेन्स बदलायची कटकट नको, अशी थाप त्याने मारली होती.

पहिल्या कॅमेऱ्यात सरहद्दीवरची मोएई नदी ओलांडता आली, पलीकडच्या टेकडीवरचा पगोडाही आला. तिथे आलेल्या बायका मात्र मुंग्यांएवढ्याच.

“चित्र झकास येतं ह्याचं,” मावशी म्हणाली.

“चित्र राहू दे. माणूस ओळखू यायला हवा. तो दुसरा द्या.”

“म्हणे प्रवासाला! डोळे तर मघापासून पलीकडेच लागलेत. पोरगी आहे वाटतं कुणी?”

“आई आहे.”

मावशीने गळ्यातला कॅमेरा काढून दिला.

पावसाळ्यात सैनिक पलीकडच्या त्यांच्या गावात शिरले, तेव्हा न्यान आणि त्याचा धाकटा भाऊ कौंग, दोघांनी एकदमच नदीत उडी घेतली होती. गोळीबार सुरू झाला आणि कौंगचा हात निसटला. तो जगला की मेला, कळायला मार्ग नव्हता. पलीकडचे फोन बंद. निरोप धाडावा, तर तो पकडला जाऊन आईच्याच जिवावर बेतायचं. म्हणून न्यान आजवर गप्प राहिला होता. पण आज पौर्णिमा होती. पौर्णिमेला आई पगोड्याला जाणार, आणि घरातल्या प्रत्येकाच्या जन्मवाराच्या कोपऱ्यात मूर्तीवर पाणी घालणार. पगोड्याभोवती प्रत्येक वाराचा एक कोपरा, आणि तिथे त्या वाराच्या प्राण्याची मूर्ती. कौंग सोमवारचा, म्हणजे वाघाचा कोपरा. न्यान मंगळवारचा, सिंहाचा. कौंगच्या वाघावर पाणी पडतं का, एवढंच त्याला बघायचं होतं.

झूम पुरता ताणला की सगळंच डुगडुगायचं. जरा हललं की चौकटीत नुसतं आभाळ. मागे यायचं, पगोडा शोधायचा, पुन्हा पुढे जायचं. न्यानच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

आणि मग ती सापडली. हातात फुलं, खांद्यावर शाल. केवढी वाळली होती!

रविवारच्या कोपऱ्यावरून ती तशीच पुढे गेली. तो वार बाबांचा. बाबा गेल्यापासून ती तिथे पाणी घालत नसे. पाणी जित्या माणसांसाठी.

सोमवार आला. न्यानने श्वास रोखला. आई थांबली, तिने पेला भरला आणि वाघावर ओतला. मग आणखी एक. मग आणखी एक.

“आहे! मावशी, माझा कौंग आहे!” न्यानला रडू फुटलं.

“अरे खुळ्या, मग रडतोस काय? फोटो काढ आधी!” मावशीचाही आवाज ओला झाला होता.

त्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. आता मंगळवार. बोट बटणावर टेकवून, हसत, तो वाट बघत राहिला.

आई सिंहापाशी आली. पेल्याकडे तिचा हात गेला नाही. शालीचं टोक तिने डोळ्यांना लावलं आणि मान खाली घालून पुढे चालू लागली.

“आई!” न्यान गच्चीवरून जिवाच्या आकांताने ओरडला. “अगं, मीपण आहे गं! मीपण आहे!”