भुरका

दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून वृंदाच्या पायांचे तुकडे पडले होते. पोळ्या लाटायचं त्राण नव्हतं, म्हणून तिने लेकीने जपानहून आणलेल्या नूडल्स उकळल्या, वर सोया सॉस आणि कांद्याची पात घातली, आणि वाडगा सासऱ्यांपुढे ठेवून खुर्चीत अंग टाकलं. सासूबाई गेल्यापासून ते दोन घासांत उठायचे.

“अप्पा, जपानात हे भुरके मारूनच खातात.”

अप्पांनी दणकून भुरका मारला आणि चपापून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पन्नास वर्षं तिथूनच यायचं, “अहो, आवाज!”

आज कोणीच ओरडलं नाही. त्यांनी वाडगा बाजूला सारला.

वृंदा कशीबशी उठली आणि त्याच दारात जाऊन उभी राहिली. “अप्पा, आवाज!”

डोळे पुसत अप्पांनी वाडगा पुन्हा ओढला आणि पहिल्याहून मोठा भुरका मारला.