ग्रूशीची फौज

चिंतामण मास्तर एवढे शिकलेले, साताऱ्याला जन्मभर इतिहास शिकवून पेन्शनीत कडेगावला आलेले, पण दुसऱ्याच्या घरचं धान्य भुईवर पसरताना त्यांना काही म्हणता काही वाटत नाही. रोज दुपारी यायचं, बनुबाईच्या सारवलेल्या सोप्यात मांडी घालायची आणि वॉटर्लूची लढाई लावायची. नेपोलियनची माणसं जोंधळ्याची, इंग्रजांची तुरीची, घोडेस्वार हुलग्यांचे. एक दाणा म्हणजे हजार माणूस.

"हजार आया लागल्या असतील की तुमच्या एकेका दाण्याला," बनुबाई एकदा म्हणाली होती. मास्तर हसले होते. जोतीराम हसला नव्हता.

जोतीराम तिचा थोरला. इटलीच्या लढाईवरून सुटून येऊन त्याला चार महिने झाले होते. धाकटा अर्जुना तिकडंच राहिला. दोघं एकाच पलटणीत होते. जोतीराम आला त्या दिवशी ती भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. पण ओवाळून टाकायच्या आधीच तिनं विचारलं, "त्यो मेला तवा तू कुठं व्हतास?"

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग तिनं ओवाळलं.

तेव्हापासून तो वाढलं की जेवायचा. मळ्याकडं फिरकायचा नाही. मास्तर आले की समोर बसायचा आणि ते सांगतील तसे दाणे सरकवायचा.

"आवं मास्तर, रोज त्यो नेपोलियनच हरतोय," बनुबाई सुपात हरभरा निवडत म्हणाली. "एक दीस तरी जिंकू द्या की त्याला. न्हाई तर मग ह्यो खेळ कसला?"

"तसंच घडलं होतं, बनुबाई. रात्रभर पाऊस, सगळा चिखल, तोफा हलेनात. म्हणून साडेअकराला सुरुवात. तिथं कमीजास्त केलं की पुढचं सगळं खोटं होतं."

मास्तरांच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, शेजारी घड्याळ. काल एक हुलगा बोटभर पुढं गेला होता, तर त्यांनी तो चिमटीत धरून मागं घेतला होता.

खांबापाशी जोंधळ्याचे तेहतीस दाणे वेगळे ठेवलेले असायचे. ती ग्रूशी नावाच्या सरदाराची फौज. नेपोलियनचीच, पण दुसऱ्या वाटेनं शत्रूच्या मागावर धाडलेली. मास्तर डाव मोडेपर्यंत ती खांबापाशीच राहायची.

आज जोतीरामनं हात लांब केला, ते तेहतीस दाणे मुठीत घेतले आणि नेपोलियनच्या बाजूला आणून ठेवले.

"अंहं," मास्तर म्हणाले. "ती आली नाही." एकेक दाणा उचलून त्यांनी परत खांबापाशी नेला. मोजले. तेहतीस.

जोतीराम खांबाकडं बघत होता. "लांब व्हती?"

"सहा-सात कोस."

"तोफा ऐकू येत व्हत्या त्यास्नी?"

"येत होत्या तर. हाताखालचे म्हणालेसुद्धा, आवाजाच्या दिशेनं चला. पण हुकूम दुसरा होता. ग्रूशी हुकमाबाहेर गेला नाही."

जोतीरामनं मान हलवली.

"आमाला बी ऐकू येत व्हतं."

बनुबाईचा हात सुपात थांबला.

"नदीच्या अल्याड आमी. अर्जुनाची तुकडी पल्याड. दीस बुडंपतुर आवाज येत व्हता. आमी बूट घालून बसलो व्हतो. हुकूम आला न्हाई. मग आवाज थांबला." बादली कुठं ठेवली ते सांगावं तसं त्यानं सांगितलं. मग तिच्याकडं बघितलं. "मी तितं व्हतो, आई. बूट घालून."

एक कोंबडी सोप्यात चढली. तिनं इंग्रजांची तूर टिपायला सुरुवात केली. कुणी हाकललं नाही.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"जोतीराम," ते म्हणाले, "आज येऊ दे रे त्यांना. एका दिवसानं काय बिघडतंय." आणि स्वतःच वाकून ते खांबापाशीचे दाणे पुढं सरकवू लागले. दोन दाणे घरंगळून फटीत गेले. ते त्यांनी मोजलेही नाहीत.

बनुबाई उठली. सूप बाजूला ठेवून लेकाच्या शेजारी येऊन बसली.

"ठिवा ते जागच्या जागी."

"अहो, पण तुम्हीच तर रोज..."

"म्हनत व्हते. मला काय ठावं." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "चार महिन्यांनी माझं पोरगं खरं बोललंय, मास्तर. आता तुमी त्याच्यापुढं खोटं मांडू नगा. आली न्हाई म्हंजे आली न्हाई."