दंडावरचा पट्टा

"एकशे साठ," डॉक्टर प्रज्ञेश म्हणाले आणि चैतालीच्या दंडावरचा पट्टा सोडवू लागले. "एवढ्या बीपीला दात काढणं बरं नाही. आजही राहू दे."

ही दुसरी खेप होती. संजय खुर्चीला खेटून उभा होता, खांद्याला बायकोची पर्स. डॉक्टर पोरगेलासा, बोलणं मधाळ. पट्टा सोडवायला एवढा वेळ लागतो होय, असं संजयच्या मनात आलं.

"दाताच्या खुर्चीला भितात सगळेच," डॉक्टर म्हणाले. "ताई, तुटला कसा म्हणालात?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," संजय म्हणाला. "मागच्या वेळी सांगितलं की."

चैतालीने मान हलवली.

"आणि तुमच्या हाताला काय झालं?"

संजयने उजव्या हाताच्या बोटांवरची पट्टी बघितली. "क्रेट लागलं. मार्केट यार्डात टोमॅटोचा गाळा आहे आपला."

निघताना त्याने भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं आणि त्याचं डोकंच फिरलं. डॉक्टर शिकले होते लोणी काळभोरला. चैतालीचं माहेरही लोणीचंच. आता काय बोलायचं?

हडपसरला घरी पोचल्यावर त्याने विचारलंच. "ओळखतेस त्याला?"

"नाही हो."

"एवढी वर्षं तो तुमच्या गावात होता."

"गावात हजार माणसं असतात. मला कोण कुठे जाऊ देत होतं?"

उत्तर बरोबर होतं, पण मत्सराला उत्तरं पटत नसतात. बीपी त्या मेल्याच्या जवळच का चढतं? छातीत धडधड उगाच होते का? मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं म्हणून जगाला दिसत नाही थोडंच. संजय आतून नुसता जळत होता.

तरी त्याने रात्री मऊ खिचडी टाकली आणि स्वतःच्या हाताने तिला भरवली. फार जीव होता त्याचा तिच्यावर. इतका, की तिचा फोनसुद्धा तोच सांभाळायचा.

चार दिवसांत तिचा गाल टम्म फुगला. तोंड उघडेना, ताप चढला. पुन्हा खुर्ची, पुन्हा पट्टा. आकडा आला एकशे चौसष्ट.

"पू वर सरकतोय," डॉक्टर म्हणाले. "दात आज निघाला नाही, तर हॉस्पिटलात भरती व्हावं लागेल. संजयराव, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"नाही. ती घाबरते माझ्याशिवाय."

तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला. फाटकात कोणीतरी बुलेट आडवी लावून ठेवली होती आणि टेम्पो अडला होता. बुलेट संजयचीच. त्याने डॉक्टरकडे एकदा रोखून बघितलं आणि चरफडत खाली गेला. गाडी कशीबशी बाजूला घेतली, टेम्पोवाल्याच्या शिव्या गिळल्या आणि जिना धावतच चढला.

डॉक्टर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. चैताली डोळे मिटून शांत पडली होती. मशीनवर आकडा होता एकशे अठरा.

संजयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाच्या नवऱ्यापाशी एकशे चौसष्ट आणि या परक्यापाशी एकशे अठरा. आणखी पुरावा तो काय पाहिजे?

"ऊठ," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी चल. मग बघतो."

चैतालीने डोळे उघडले. ती उठली नाही. डॉक्टर जवळ आले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. पट्टा फुगला, मग सुस्कारत सैल झाला. त्यांनी मशीन संजयकडे वळवलं. आकडा पुन्हा एकशे साठच्या वर गेला होता.

"ताई," ते म्हणाले, "दात कसा तुटला?"

या वेळी संजयच्या आधी ती बोलली. सुजलेल्या तोंडाने, पण एकेक शब्द सुटा.

"बाथरूम कोरडं होतं, सर."

संजयचा पट्टी बांधलेला हात आपोआप खिशात गेला.