खेळाच्या खोलीतलं उत्तर

मागचे दोन बाक रिकामे दिसले आणि बाईंनी हातातली पिशवी टेबलावर आपटली.

"ही मागची मंडळी कुठे गेली?"

वर्ग एकमेकांची तोंडं बघायला लागला. शेवटी मॉनिटर उभी राहिली. "बाई, चौघांना हेडसरांनी खेळाच्या खोलीत बसवलंय. तपासणीचे साहेब जाईपर्यंत आवाज करायचा नाही म्हणाले."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर डोकं खपवून बसवलेला हा पाठ त्या चौघांसाठीच तर होता. खरं म्हणजे एकीसाठी. वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलेली मागच्या बाकावरची मुलगी गेल्या आठवड्यात फळा पुसता पुसता आपणहून म्हणाली होती, "बाई, खाली दोन असलेल्यापेक्षा खाली चार असलेला अपूर्णांक मोठा ना? चार मोठे आहेत की!"

साफ चूक. पण स्वतःच्या डोक्याने केलेली चूक, कुणाची बघून उतरवलेली नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पाठाचं टाचण तिथूनच सुरू केलं. ती वर्गात हे म्हणणार, मग पट्ट्या कापायच्या, आणि तिचं तिनेच बघायचं. रंगीत कागदाच्या पट्ट्या नणंदेने कापून दिल्या होत्या, "तपासणी तुझी वहिनी, आणि फोड माझ्या बोटाला!" असं कुरकुरत. सगळ्यांसमोर बोलायला मात्र ती मुलगी तयार होईना. रोज मान हलवून नाही म्हणायची. आज सकाळी फाटकाशी येऊन हळूच म्हणाली, "म्हणेन मी."

आणि आता ती खेळाच्या खोलीत!

हेडसर दारात आले. आज कोट चढवला होता.

"सर, ती चार मुलं मला वर्गात हवीत."

"अहो बाई, आजचा दिवस! ती काहीतरी बरळतील आणि शाळेची शोभा होईल. बघा तरी, वर्ग कसा छान दिसतोय."

"पाठ त्यांच्यासाठी आहे, सर."

"पाठ साहेबांसाठी आहे," हेडसर दबक्या आवाजात म्हणाले. तेवढ्यात साहेब आलेच. हेडसरांच्या चेहऱ्यावर लगेच हसू आलं.

साहेब मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. नेमके तिच्याच जागी. बाईंनी टाचण त्यांच्यासमोर ठेवलं, फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, एक छेद दोन आणि एक छेद चार. यातला मोठा कोणता?

पटापट हात वर. एक छेद दोन! का? जास्त जणांत वाटलं की वाटा लहान होतो! झालं. बाईंनी पिशवीतून काढलेल्या पट्ट्या तशाच हातात राहिल्या. जे येतं तेच पुन्हा काय शिकवायचं, कपाळ? हेडसर मात्र असे फुलले होते, जणू उत्तर त्यांनीच दिलंय.

"वा," साहेब म्हणाले. मग टाचणावर बोट ठेवून थांबले. "बाई, इथे तुम्ही लिहिलंय, चुकीचं उत्तर येईल, तिथे थांबायचं. ते काही आलं नाही."

"आमच्या शाळेत चुकीची उत्तरं येतच नाहीत, साहेब," हेडसर हसत म्हणाले.

तेवढं बस झालं. साहेब आले म्हणून गिळलेला बाईंचा राग आता उफाळून आला. नोकरी, शेरा, गोपनीय अहवाल, गेलं सगळं खड्ड्यात.

"येतात, साहेब. आजचं चुकीचं उत्तर खेळाच्या खोलीत ठेवलंय. दाखवते, चला."

"बाई!" हेडसर म्हणाले.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "पोरांनो, पट्ट्या घ्या आणि या माझ्या मागून." वर्गाला काय, हवंच होतं. सगळा लोंढा व्हरांड्यात आला. त्याच्या मागे साहेब, आणि साहेबांच्या मागे कोटाची बटणं चाचपत हेडसर.

खेळाच्या खोलीला बाहेरून कडी होती. कडी! बाईंनी ती अशी ओढली की बोट सोलवटलं.

आत कोंदट वास होता. एका बाजूला गुंडाळलेली जाळी, हवा गेलेले चेंडू, फाटक्या गाद्यांची चळत. खाली पसरलेल्या एका गादीवर चौघं ओळीने बसली होती. मांडी घालून, तोंडावर बोट. तिघांनी बोट तसंच ठेवून बाईंकडे पाहिलं. ती मुलगी मात्र उठून उभी राहिली. बाहेरच्या गर्दीकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने तोंडावरचं बोट जरासं बाजूला केलं.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "साहेब गेले का? आता बोललं तर चालेल?"

बाईंनी दार सताड उघडलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने बोल."