शेवटी आलेली बाई

"उद्यापासून येऊ नका. मी शिकवणं थांबवतेय."

सत्यभामाबाईंनी एवढंच सांगितलं. बेंबळीच्या माळावर उभ्या असलेल्या पाच मुली एकमेकींकडं बघत राहिल्या.

अठरा वर्षांपूर्वी बाईंनी पंधराशे मीटरला राष्ट्रीय सुवर्णपदक मिळवलं होतं. धाराशिवात मिरवणूक निघाली होती. आता बेंबळीत ते कुणाच्या गावीही नव्हतं. बाईंचे गुडघे गेले होते. शाळेची नोकरी सांभाळून अकरा वर्षं त्या रोज सकाळी मुलींना पळायला शिकवत होत्या. एकीचं लग्न झालं, एक आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. जिल्ह्याच्या पुढं कुणीच पोचली नाही. काल तर शर्यतीत या पाचजणींतली चैताली सातवी आली. पळणाऱ्याच सात होत्या. बाईंना रागसुद्धा आला नाही. नुसता थकवा आला.

बाकीच्या निघून गेल्या. चैताली बाभळीखाली रडत बसली. तिची आई पुतळाबाई खुरपायला निघाली होती, ती लेकीला बघून वळली. तीन वर्षांपूर्वीच ती भावाच्या आसऱ्यानं या गावात आलेली. सगळं ऐकून घेतल्यावर ती बाईंपुढं येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी लातूरला पडला होता."

बाईंचा चेहरा उतरला. ती शर्यत त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. शेवटच्या फेरीत पाय अडकून त्या तोंडावर आपटल्या होत्या. रक्ताळलेल्या गुडघ्यांनी त्या पोचल्या, तेव्हा पंच कागद गोळा करून निघाले होते.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथं मैदानाच्या भिंतीच्या कामावर हुते. नवऱ्यानं टाकलेलं, ही पोटात. त्या दिशी घमेलं खाली ठिवलं अन् म्हनलं, बास, आता जगायचं न्हाय. तेवढ्यात तुमी पडला. कुणी बघत नव्हतं, तरी उठून पळाला. म्या बी मग घमेलं उचललं. हितं आल्यावर पैल्या दिशीच वळखलं तुमाला."

"म्हणून हिला पाठवलं? मला वाटलं, पदकासाठी."

"कसलं पदक?" पुतळाबाई गोंधळली. "तुमी कवा पैल्या बी आला होता व्हय?"

कितीतरी दिवसांनी बाईंना हसू फुटलं. डोळे पुसत त्या मुलीकडं वळल्या.

"चैताली, काल शेवटच्या वळणावर मान का खाली घातलीस? ऊठ, पळून दाखव."