निळं दूध

शेजारच्या शमशादने चरवी पुढे केली आणि कुमुदिनी मगदूमने आत डोकावून पाहिलं. दूध निळं होतं.

गाईगुरांच्या प्रत्येक भरड्यात आता कायद्याने एक निरुपद्रवी जिवाणू मिसळावाच लागे. भरड्यात बुरशीचं विष असलं, की तो गाईच्या पोटात जागा होई आणि दुधाला निळा रंग येई. पूर्वी ते विष पांढऱ्याशुभ्र दुधातून पोराबाळांच्या पोटात जायचं आणि कुणाला पत्ताही लागत नसे.

“भरडा माझ्याच गिरणीतला?”

“तुझाच गं. दुसरीकडून कधी आणलाय मी?”

“एकाच घरचं दूध आहे,” कुमुदिनीचा नवरा हळूच म्हणाला. “ओतून टाकू. बोभाटा झाला तर गिरणी बंद पडेल.”

“आणि उद्या दुसऱ्या कुणाचं पोर ते प्यायलं तर?” म्हणत कुमुदिनी तडक ग्रामपंचायतीत गेली आणि भोंग्यावरून बोलली, “माझा मका ओलसर राहिला, त्याला बुरशी लागली. चूक माझी आहे. माझा भरडा गुरांना घालू नका, पोती परत आणा.”

दुपारी बायका पोती घेऊन आल्या. शिव्या ऐकायच्या तयारीने कुमुदिनी दारात मान खाली घालून उभी राहिली. शमशादने पदर खोचला, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि ती गिरणीच्या कोठारात शिरली. मागोमाग बाकीच्याही शिरल्या.

“उभी काय राहिलीस?” शमशाद आतून ओरडली. “पाणी आण! नवा मका यायच्या आत कोठार धुऊन वाळायला हवं. माझी गाय दुसऱ्या कुणाच्या भरड्याला तोंड लावत नाही.”